एका मॅचची बंदी

गोंदियात मी बास्केटबॉल खेळते असं सांगितलं की लोक अजून विचारतात, "वो हाथ से खेलते, वोच ना?" वोच. आमच्या शहराला राइस मिल कळते, रेल्वे कळते, क्रिकेट तर पाळण्यातच कळतं. बाकीचे खेळ शाळेच्या बक्षीस समारंभापुरते. त्यामुळे एका वर्षी इथे मुलींची बास्केटबॉल लीग होणार आणि खेळणाऱ्यांना चक्क पैसे मिळणार हे ऐकलं, तेव्हा माझ्या वडिलांना वाटलं की मला कोणीतरी गंडवतंय.

गंडवत नव्हते. विदर्भातल्या काही शहरांचे संघ होते आणि एकेका संघामागे एकेक शेठ होता. आमचा शेठ तांदळाचा. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या जर्सीवर त्याच्या पोत्यावरचं मोराचं चित्र छापलेलं असायचं, आणि मॅच संपली की तो प्रत्येकीला "बहोत बढिया बेटा" म्हणायचा, जिंकलो तरी आणि हरलो तरी. मला तो माणूस आवडायचा.

संघात मी गार्ड होते, म्हणजे बॉल पुढे नेणारी. तो बॉल एकीच्या हातात पोचवला की माझं काम झालं असं मी समजायचे. ती अर्जुनी मोरगावकडची होती, म्हणून आम्ही सगळ्या तिला अर्जुनीवालीच म्हणायचो. जंगलाला लागून गाव, गोंड घर, धानाची थोडी शेती. आश्रमशाळेत ती कबड्डी खेळायची. तिथल्या एका शिक्षकाने तिची उंची बघून तिच्या हातात हा बॉल दिला. मी गोंदियाच्या बौद्ध वस्तीतली, नळावरच्या भांडणात तयार झालेली, त्यामुळे तोंडाने मी कोणाला हार जात नाही. पण अर्जुनीवालीपुढे मीसुद्धा गप्प व्हायचे. ती कमी बोलायची आणि जे बोलायची ते तुकडा पाडून बोलायची.

तिचं सगळं त्या एका हंगामावर होतं, आणि ती ते लपवत नव्हती. रेल्वेत खेळाडूंची भरती व्हायची होती. तिला वयाची अट होती आणि त्या अटीत ती त्या वर्षापर्यंतच बसत होती. संघ निवडणारी माणसं आमच्या लीगची फायनल बघायला येणार आहेत, असं सगळ्या संघांना सांगून ठेवलं होतं. घरी तिच्या भावाने ठरवून टाकलं होतं की नोकरी लागली तर ठीक, नाही तर उन्हाळ्यात लग्न. मुलगाही बघितलेला होता.

"पोरगा वाईट नाही," ती म्हणायची. "पन मले नोकरी पायजे. नोकरी लागली तं पोरगा बी मीच पाहीन."

लीगच्या पहिल्या दिवशी आम्हाला नियमांचं पुस्तक दिलं होतं. सरांनी, म्हणजे आमच्या कोचने, ते हॉलमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. त्यात एक नियम होता. मैदानात भांडण झालं आणि बाकावर बसलेली खेळाडू रेघ ओलांडून आत आली, तर तिला त्या मॅचमधून बाहेर काढायचं आणि पुढच्या एका मॅचला बंदी घालायची. कारण विचारात घेतलं जाणार नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही भांडणाऱ्या थोड्याच होतो?

गुणतक्त्यात पहिल्या दोन आलेल्या संघांची आधी एक प्लेऑफ होती. जिंकेल तो सरळ फायनलमध्ये, हरेल त्याला आणखी एक संधी, क्रिकेटच्या लीगमध्ये असतं तसं. ती मॅच आमच्याच हॉलमध्ये झाली. हॉल इतका भरला होता की शेठच्या मिलमधले हमाल दारात उभे होते. अर्जुनीवाली त्या दिवशी कोणालाच आवरत नव्हती, पण तिच्या नावावर चार फाउल लागले. पाचवा लागला की खेळाडू बाहेर जातो, म्हणून सरांनी तिला शेवटच्या भागात बाकावर बसवून ठेवलं. आम्ही पुढे होतो आणि वेळ संपत आली होती. मी बॉल घेऊन आत घुसले. समोर त्यांची सेंटर होती, म्हणजे बास्केटखाली उभी राहणारी, माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. ती वळली आणि तिचं कोपर माझ्या भुवईवर बसलं. मी पडले ती गुडघा खाली दुमडून. आतून कट्‌ असा आवाज आला, तो मला ऐकू आला. मग रक्त डोळ्यात गेलं.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. आमच्यातल्या एकीने त्या सेंटरला ढकललं. त्यांच्या दोघी आमच्या मुलीवर धावल्या. शिट्ट्या, शिव्या, मराठी, हिंदी, छत्तीसगढी, सगळं एकत्र. माझ्या डोक्याजवळ नुसते बूट. मग माझ्या काखेत दोन हात आले, कोणीतरी मला मागे ओढलं आणि ओळखीचा आवाज म्हणाला, "पापन्या मिट व, रक्त जाते आत."

अर्जुनीवालीने मला रेघेबाहेर आणलं आणि आपल्या जर्सीचं टोक माझ्या भुवईवर दाबून धरलं. कोणाला ढकललं नाही, कोणाकडे बघितलंही नाही. हे मी म्हणते म्हणून नाही. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अख्ख्या शहरात फिरले, आणि त्यात सगळं दिसत होतं.

मॅच आम्ही जिंकलो. मला दवाखान्यात नेलं. हॉलमागच्या खोलीत लीगने नेमलेल्या मॅच कमिशनरने अर्जुनीवालीला बोलावलं. तिथे काय झालं ते मला सरांनी नंतर सांगितलं. कमिशनर नागपूरकडचे, सभ्य गृहस्थ, आवाजही न चढवणारे. त्यांनी विचारलं, "तू बाकावरून का उठलीस?"

ती म्हणाली, "मी बसून होती म्हून."

त्यांना वाटलं पोरगी उर्मट आहे. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"बाकीच्या खेळून राहिल्या होत्या," ती म्हणाली. "मी बसून होती. मंग कोन जाईन?"

अहवालात लिहिलं गेलं की खेळाडूने जागा सोडल्याचं मान्य केलं आहे.

सरांनाही ते उत्तर नीट कळलं नव्हतं. मला लगेच कळलं, कारण एका पावसाळ्यात मी हौसेने तिच्या गावी धानाच्या रोवणीला गेले होते आणि स्वतःची यथेच्छ फजिती करून घेतली होती. बायका एका ओळीत वाकून रोपं लावत मागे मागे सरकतात. पिंढरीपर्यंत चिखल असतो आणि एक पाय काढायला दुसऱ्या पायाची परवानगी लागते. एक बाई धुऱ्यावर असते, म्हणजे बांधावर. ती रोपांच्या पेंड्या फेकून देते. त्या दिवशी अर्जुनीवाली धुऱ्यावर होती. दुपारी ओळीतली एक बाई चक्कर येऊन तोंडावर पडली, चिखलात. मी तिच्या शेजारी होते, पण मी पाय उपसेपर्यंत अर्जुनीवाली धुऱ्यावरून उडी टाकून तिथे पोचली होती आणि तिने त्या बाईचं तोंड वर धरलं होतं. कोणी तिला शाबासकी दिली नाही. संध्याकाळी मी तिच्या आईजवळ कौतुक केलं, तर आई म्हणाली, "कौतुक कायचं? थे धुऱ्यावर होती ना." ज्या चिखलात आहेत त्यांचे पाय अडकलेले असतात. जी कोरड्यात उभी आहे तिचेच पाय मोकळे असतात, म्हणून जायचं तिनेच. ती गेली नाही तर गावात वर्षभर तिच्या नावाने बोलतात.

हे त्या सभ्य गृहस्थांना कोण समजावणार? बसलेलीने उठायचं नाही हा त्यांचा नियम, आणि बसलेलीनेच उठायचं हा तिचा. सरांनी खेळाडूची बाजू मांडायला तोंड उघडलं, तर कमिशनरांनी हात वर केला आणि म्हणाले, नियमात कारणाला जागा नाही. मग विचारलं कशाला?

तर निकाल असा लागला. अर्जुनीवालीला फायनलची बंदी. माझ्या भुवईला टाके आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं. आणि त्या सेंटरने कोपर मारलं, तो खेळाच्या ओघात झालेला जोराचा फाउल. पंचांनी बघितलं, विचार केला, हेतू तपासला आणि फाउल देऊन सोडलं. म्हणजे जिने मारलं तिच्या मनात काय होतं ते बघायचं, आणि जिने उचललं तिच्या मनात काय होतं ते बघायचं नाही! त्यांच्या संघाने उरलेली प्लेऑफ जिंकली आणि ती सेंटर फायनलला आली, आमच्याच विरुद्ध.

ती मला बघायला दवाखान्यातही आली होती. हातात शहाळं, डोळे सुजलेले. "दीदी, जानबूझ के नहीं मारा," म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत आहे. मग ती म्हणाली की अर्जुनीवालीने कोणालाही हात लावला नाही असं ती लिहून देईल. आणि तिने खरंच लिहून दिलं. तिच्यावर मला धड रागही धरता येईना, आणि याचाच मला जास्त राग आला.

सरांशी मात्र मी भांडले. खाटेवर पडून, पाय दोऱ्यांनी बांधलेला, तरी भांडले. सर खुर्चीवर बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, "देख बेटा, मी बघितलं आहे." तरुणपणी एका स्पर्धेत त्यांच्या समोर दोन्ही बाकं रिकामी होऊन मैदानात उतरली होती. सगळे भांडण सोडवायलाच गेले होते, असं प्रत्येक जण नंतर सांगत होता. त्या सोडवण्यात त्यांच्या एका मित्राचा जबडा तुटला, आणि तो पुढे कधी खेळला नाही. "एकदा का 'का उठलास' विचारायला लागलो," सर म्हणाले, "की सगळेच सोडवायला उठलेले असतात. म्हणून विचारायचंच नाही. तिच्यासाठी वाईट आहे. नियम वाईट नाही."

मी पुष्कळ तोंड वाजवलं, पण नियम नसता तर त्या दिवशी आमचं अख्खं बाक आत गेलं असतं आणि दारातले हमालही आले असते. कदाचित माझ्या गुडघ्यासारखे आणखी दोन-चार गुडघे गेले असते.

पण एक गोष्ट मी सरांनाही मान्य करायला लावली. लीगच्या सुरुवातीला एका संघातल्या मुलीने पंचाला आईवरून शिवी दिली होती. तिलाही एका मॅचची बंदी झाली. ती त्या दिवशी घरी झोपली आणि पुढच्या मॅचला ताजीतवानी होऊन आली. पुस्तकात दोघींची शिक्षा सारखीच होती, एक मॅच. एखादा दिवस शाळा बुडवणं आणि नेमका बोर्डाच्या पेपरचा दिवस बुडवणं, दोन्ही एकच दिवस असतात. ज्याने पुस्तक लिहिलं त्याला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. त्याला कळत होतं, पण त्याने सोपं तेवढं लिहिलं.

"अपील कर," सर तिला म्हणाले. अपील करता येत होतं, आणि शिक्षा रद्द करायचा अधिकार समितीला होता. पण अपील ऐकणारी समिती फायनलच्या तयारीत गुंतली होती, आणि अपील ऐकलं जाईपर्यंत शिक्षा चालूच राहणार होती. म्हणजे फाशी दिल्यावर खटला चालवायचा. मी हे शेठला फोन करून याच शब्दांत सांगितलं. शेठ बिचारा दोन-तीन जणांना भेटूनही आला. "नियम बोलते बेटा, मैं क्या करूँ," म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने बहोत बढिया म्हटलं नाही.

फायनलच्या दिवशी अर्जुनीवालीला हॉलमध्ये पाऊल टाकायचीही परवानगी नव्हती. बंदी म्हणजे प्रेक्षकांतसुद्धा बसायचं नाही. मला होती. माझ्यासाठी बाकाच्या टोकाला खुर्ची ठेवली होती, गुडघा सरळ ठेवायला समोर दुसरी. मी कुबड्या घेऊन रिक्षातून उतरले तर ती बाहेर, सायकल स्टँडच्या कठड्यावर बसलेली. पूर्ण जर्सी घालून, बुटाच्या नाड्या बांधून.

"काऊन व, आत जा ना," ती म्हणाली.

"तू काऊन आली मंग?" मी विचारलं.

"घरी बसून काय करू? भाऊ लग्नाच्या पत्रिका पाहून राहिला."

मी आत गेले नाही. तिच्या शेजारी कठड्यावर बसले. आतून आवाज येत होते, आणि तिला त्या आवाजांतून सगळं दिसत होतं. बूट घासल्याचा आवाज आला की ती म्हणायची, "डावीकडून चालली." लोक ओरडले की सांगायची कोणाची बास्केट झाली, कारण आमचे लोक कसे ओरडतात आणि पाहुणे कसे, हे तिला माहीत होतं. तिचे खांदे हलत होते. बसल्या बसल्या ती शॉट अडवत होती, हात वर जाऊन परत मांडीवर येत होते. मी तिच्याकडे बघायचं बंद केलं. मला बघवत नव्हतं.

मॅच शेवटपर्यंत बरोबरीत चालली असावी. मग एकदम पाहुण्यांचा आवाज उसळला आणि आमचा बंद झाला. थोड्या वेळाने लोक बाहेर पडायला लागले. त्यात पांढऱ्या टोप्या घातलेले दोघे जण होते, हातात कागद, गळ्यात ओळखपत्रं. संघ निवडणारे तेच, हे आम्हा दोघींनाही कळलं. ते सरळ आमच्याकडेच आले. त्यांतला एक अर्जुनीवालीला म्हणाला, "बेटा, ये स्कूटी आपकी है? गाडी निकालनी है।"

स्कूटी आमची नव्हती. तिने उठून ती उचलून बाजूला केली. त्या माणसाने तिच्या उंचीकडे एकदा बघितलं, "थँक्यू" म्हटलं आणि गाडी काढून निघून गेला. सेंटरची निवड झाल्याचं आम्हाला त्याच आठवड्यात कळलं.

नंतरचे दिवस मी घरात काढले, पाय उशीवर आणि मोबाइल पोटावर. उन्हाळा लागला होता. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफ आपल्याकडे पहाटे दिसतात. मी त्या बघायला लागले, आणि बॉल सोडून बाकांकडेच बघत राहायचे. तिथे मैदानात नुसती बाचाबाची झाली तरी सूट घातलेले सहायक कोच बाकापुढे हात पसरून उभे राहतात आणि खेळाडूंना छातीशी धरून मागे रेटतात. ते त्यांचं कामच आहे. आमचा नियम तिथूनच उचललेला होता हेही मला तेव्हा कळलं. तिथेसुद्धा दोन पावलं पुढे आला म्हणून चांगला खेळाडू ऐन प्लेऑफमध्ये बाहेर बसलेला आहे, आणि लोक त्यावर अजून वाद घालतात. पण त्यांनी नियमाबरोबर हात पसरणारी माणसंही ठेवली. आमच्याकडे नियम तेवढा आला. आमच्या बाकापाशी सर एकटे होते, आणि ते पंचाशी बोलायला धावले होते. पाठीमागून कोणी तिची जर्सी धरली असती तर ती रेल्वेत असती. मी हे रोज पहाटे मनात घोळवायचे आणि रोज माझा रक्तदाब वाढायचा.

मग अपिलाची तारीख आली. समितीने आम्हा दोघींना आणि सरांना गोंदियाला हॉलच्याच ऑफिसात बोलावलं. अर्जुनीवाली सकाळच्या गाडीने आली. हातावर मेंदी नव्हती अजून, पण साडी नेसून आली होती, आणि मी तिला साडीत पहिल्यांदाच बघत होते. समितीतले लोक खरोखर चांगुलपणाने वागले. चहा दिला, मला पाय ठेवायला स्टूल दिलं. व्हिडिओ पुन्हा लावला. सेंटरने लिहून दिलेलं वाचून दाखवलं. मग अध्यक्षांनी माझ्या डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. खेळाडूचा गुडघा पडतानाच गेला होता, तिला तिथून हलवल्यामुळे इजा वाढली नाही, आणि हलवलं नसतं तरी फरक पडला नसता. म्हणजे अर्जुनीवालीने आत येऊन कोणाचंही नुकसान केलं नाही, हे सिद्ध झालं.

अध्यक्ष हसून म्हणाले, "बंदी रद्द. तुझ्या नावावर आता काहीही डाग नाही, बाळ."

तिने विचारलं, "मंग फायनल परत कधी?"

सगळे हसले. अध्यक्षांनी तर सरांच्या पाठीवर थाप मारली, पोरगी मोठी गमतीची आहे म्हणून. सर हसले नाहीत. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होती. शेवटी अध्यक्षांना काहीतरी जाणवलं असावं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी खेळ, लीग काय, दर वर्षी आहेच. लीग पुढच्या वर्षी झालीच नाही. पण ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि झाली असती तरी तिच्या वयाचं काय करणार होते ते?

तिला बस स्टँडवर सोडायला मी गेले. कुबडी एकच राहिली होती. सर आमच्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. अर्जुनीची बस लागलेली होती. ती चढली, खिडकीजवळ बसली, आणि मी खाली फलाटावर उभी राहिले. ड्रायव्हर पान खात होता.

मग तिने खिडकीतून खाली वाकून विचारलं, "खरं सांग व. मी नसती आली तं तुले काय झालं असतं?"

तिने डॉक्टरांचं म्हणणं माझ्या शेजारी बसूनच ऐकलं होतं. फरक पडला नसता, हे शब्द तिच्यासमोर मोठ्याने वाचले गेले होते, आणि त्याच शब्दांवर ती निर्दोष सुटली होती. तिची नोकरी गेली, फायनल गेली, साडी अंगावर आली, ती माझ्यासाठी. आणि माझं त्यात काहीच वाचलं नव्हतं.

"हात तुडवला असता माझा," मी म्हटलं. "डोळा गेला असता. बूट दिसत होते मला, अगदी डोक्याजवळ. तू आली म्हणून वाचले."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं की हसू, मला सांगता येणार नाही.

"खोटी आहेस तू," ती म्हणाली. "पन सांग आखीन एकदा."

मी पुन्हा सांगितलं. बूट, डोळा, हात, सगळं पहिल्यापासून. ड्रायव्हरने पान थुंकून गाडी चालू केली तरी मी सांगतच होते, आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ओरडून सांगत होते.